घरी रंगवलेल्या गाडीचा क्लिअर कोट : किती घासायचा आणि कुठे थांबायचं?

बेळगाव : पाऊस ओसरून दसरा-दिवाळी पार पडली की शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत जुन्या गाड्यांवर हात फिरवायचा मोसम सुरू होतो. इंजिन ठणठणीत असतं, पण बॉनेट आणि टपावरच्या रंगाचे पोपडे सुटलेले असतात. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचा आकडा ऐकला की तो गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहिला जातो, आणि मग घरातलंच कोणीतरी म्हणतं, "आपणच मारू की रंग!" छोटा कंप्रेसर, भाड्याची स्प्रे गन किंवा नुसते स्प्रेचे डबे आणून काम पार पडतं. रंग बसतो, वर क्लिअर बसतो. दुसऱ्या दिवशी उजेडात गाडी पाहिली की दिसतं, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आहे, मध्येच धुळीचे कण चिकटलेत आणि दाराच्या खालच्या अंगाला एखादा ओघळ आलाय.

यात घाबरण्यासारखं काही नाही. मुरलेल्या पेंटरच्या हातूनही असं होतं. उपाय ठरलेला आहे : वॉटर पेपरने घासायचं आणि मग पॉलिश करायचं. मात्र एक फरक आधीच लक्षात घ्यायला हवा. रंग मारताना झालेली चूक बहुतेक वेळा घासून निघते. घासताना झालेली चूक घासून निघत नाही. तिथे पुन्हा रंगच मारावा लागतो. म्हणून पेपर पाण्यात टाकण्याआधी किती घासायचं आणि कुठे थांबायचं याचा हिशेब मांडलेला बरा.

शिल्लक किती आहे?

गाडीच्या पत्र्यावर खालून वर असे थर असतात : प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. चमक येते ती क्लिअरमुळे. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही मुख्यतः याच थरात असतात. खालच्या बेस कोटला स्वतःची चमकही नसते आणि उन्हाशी झुंजायची ताकदही नसते.

हा थर किती जाड? मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. स्प्रे गनने क्लिअरचे दोन नीट हात मारले तर वाळल्यावर साधारण ५० ते ६० मायक्रॉनचा थर राहतो, म्हणजे केसाहूनही पातळ. स्प्रेच्या डब्यातून बसणारा हात त्याहून पातळ असतो.

बँकेच्या खात्यासारखंच समजा. क्लिअर मारताना जेवढं जमा केलं तेवढीच शिल्लक. त्यानंतर प्रत्येक पेपर आणि पॉलिशचा प्रत्येक फेरा म्हणजे खर्च. जमा काहीच नाही. संत्र्याची साल बेताने उतरवून पॉलिश केलं तर सगळं मिळून साधारण १० ते १५ मायक्रॉन जातात. ५५ मधून १५ गेले तर ४० उरतात आणि गाडी वर्षानुवर्षं टिकते. पण कोपऱ्यावर मुळातच २५ मायक्रॉन बसले असतील आणि तिथेही तेवढंच घासलं गेलं, तर आज चकाकणारा कोपरा एक-दोन उन्हाळ्यांत पांढरा पडून सोलायला लागतो.

घासायचं हे आधीच ठरलं असेल तर क्लिअरचा तिसरा हात मारून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त विमा. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर बघा, पण साधं यंत्र पत्र्यावरच्या सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतं. खाली लांबी भरलेली असेल तर आकडा मोठा येतो आणि क्लिअर भरपूर असल्याचा गैरसमज होतो. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही.

कोणता क्लिअर मारलाय, ते ओळखा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला एक-घटकी, म्हणजे साधा स्प्रेचा डबा किंवा लॅकर. यातला थिनर उडून गेला की थर वाळतो, बाकी काही होत नाही. दुसरा दोन-घटकी, ज्याला दुकानात टू-के किंवा पीयू क्लिअर म्हणतात. यात हार्डनर मिसळावा लागतो आणि त्या रासायनिक क्रियेने थर घट्ट होतो. डब्याच्या तळाचं बटण दाबून आत हार्डनर सोडायचा, असेही टू-के स्प्रे मिळतात.

कोणता मारलाय याची खात्री नसेल तर दाराच्या आतल्या कडेला, नजरेआड जागी, थिनरमध्ये जरासं भिजवलेलं पांढरं फडकं काही सेकंद टेकवा. थर मऊ होऊन चिकट लागला तर एक-घटकी किंवा अजून कच्चा. काहीच फरक पडला नाही तर पक्का झालेला टू-के. घासून पॉलिश करायला टू-के चांगला. एक-घटकी थरही घासता येतो, पण तो पातळ आणि उष्णतेला हळवा असतो. त्यावर मशीनऐवजी हातानेच पॉलिश केलेलं बरं.

आणखी एक भेद आहे. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांच्या साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगावर पुष्कळदा वेगळा क्लिअर नसतोच. रंगच चमकदार असतो. तिथे घासताना पाण्यात रंग उतरणं स्वाभाविक आहे. मेटॅलिक रंगावर मात्र क्लिअर असतोच, आणि तिथे पाण्यात रंग दिसणं म्हणजे धोक्याची घंटा.

किती दिवस थांबायचं?

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते. कच्च्या थरावर पेपर फिरवला तर तो गोळा होऊन पेपरला चिकटतो आणि खोल ओरखडे पडतात. वरून गुळगुळीत झाला तरी आतला थिनर उडत राहतो, थर आकसतो आणि महिन्याभरात घासल्याच्या रेघा परत वर येतात.

टू-के क्लिअर मोकळ्या हवेत, २० ते ३० अंशांत, साधारण एक-दोन दिवसांत घासण्याजोगा होतो. नेमका वेळ डब्यावर छापलेला असतो. तोच प्रमाण मानायचा. फार उशीर केला तर थर इतका कडक होतो की घासायला दुप्पट मेहनत पडते, म्हणून पहिल्या आठवड्यात काम उरकलेलं सोयीचं. एक-घटकी लॅकरला मात्र किमान आठवडा द्या, जाड मारला असेल तर त्याहून जास्त. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल किंवा लपलेल्या जागी नख दाबल्यावर खूण उमटत असेल, तर अजून थांबायचं.

गावागणिक हा हिशेब बदलतो. बेळगाव-खानापूरकडे आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की लॅकरवर पांढुरकी झाक येते. त्या दिवसांत रंगकाम टाळलेलंच बरं. ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत टू-के पक्का व्हायला जास्त दिवस घेतो. इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या उन्हाळ्यात थर लवकर वाळतो, पण तापलेल्या पत्र्यावर घासताना पाणी आणि पॉलिश करताना कॉम्पाउंड जागच्या जागी सुकतं. त्यामुळे काम सावलीतच, पत्रा हाताला गार लागत असताना करायचं. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर पॅनेल लगेच पुसून घ्यायचं, नाहीतर पाण्याचे डाग बसतात.

सामान थोडकंच लागतं

वॉटर पेपर १५००, २००० आणि ३००० नंबरचे. खडबडीतपणा जास्त असेल तरच १२०० चा. नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक. पी मालिकेतल्या १२०० च्या पेपरवरचा कण सरासरी १५ मायक्रॉनचा, तर २००० चा सुमारे १० मायक्रॉनचा असतो. अख्खा क्लिअर पन्नास-साठ मायक्रॉनचा आहे हे आठवलं की ८०० किंवा १००० च्या पेपरने सुरुवात का करू नये, हे वेगळं सांगायला नको.

याशिवाय रबराचा किंवा दाट फोमचा ठोकळा, दोन बादल्या, गाडी धुवायच्या शाम्पूचे दोन थेंब, मास्किंग टेप, पाणी ओढायची रबरी पट्टी आणि चार-पाच मायक्रोफायबर कापडं. पाण्यात चालणारा पेपर ही शंभर वर्षांपूर्वीची सोय आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने तो बाजारात आणला आणि मोटारींच्या रंगकामात कोरड्या घासणीने उडणारी धूळ त्यामुळे आटोक्यात आली. पाणी धूळ बसवतं, घासलेला गाळ वाहून नेतं आणि पेपर तुंबू देत नाही. ही तिन्ही कामं महत्त्वाची आहेत, म्हणून पाण्यात कंजुषी नको.

घासण्याची रीत

गाडी आधी स्वच्छ धुवा. वाळूचा एक कण ठोकळ्याखाली सापडला तरी लांबलचक ओरखडा पडतो. पेपर १५-२० मिनिटं पाण्यात भिजत ठेवा.

मग प्रत्येक कड, बॉनेटवरची उठावाची रेघ, दाराचा काठ आणि हँडलभोवतीची जागा यांवर मास्किंग टेप लावा. कडेवर क्लिअर मुळातच पातळ बसतो आणि ठोकळ्याचा सगळा दाब तिथेच येतो. क्लिअर उडाल्याची बहुतेक प्रकरणं या कडांवरच घडतात. बाकी भागाचं घासून झालं की शेवटी टेप काढून कडेवर ३००० चा पेपर हलक्या हाताने दोन-चार वेळा फिरवला तरी पुरतो.

सपाट भागावर पेपर नेहमी ठोकळ्याला गुंडाळूनच फिरवायचा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या दाबाच्या पन्हाळ्या पडतात, आणि पॉलिश केल्यावर त्या उन्हात आणखी उठून दिसतात. दाब हलका, हात सरळ रेषेत, गोल गोल नाही. एका वेळी दोन फूट लांब-रुंद एवढीच जागा घ्या.

दर आठ-दहा फेऱ्यांनंतर रबरी पट्टीने पाणी ओढून बघा. घासलेला भाग मंद पांढुरका दिसतो आणि मध्ये चकाकणारे बारीक ठिपके राहतात. ते ठिपके म्हणजे अजून पेपर न लागलेले खड्डे. ठिपके कमी होत जातात तसतसा पृष्ठभाग सपाट होतो. इथेच मोह आवरायचा. शंभरातले नव्वद-पंच्याण्णव ठिपके गेले की थांबायचं. उरलेल्या चार-पाच ठिपक्यांच्या मागे लागलं तर आजूबाजूचा सगळा थर त्यांच्या पातळीपर्यंत उतरवावा लागतो. ते ठिपके पॉलिशनंतर घरच्यांनाही सापडत नाहीत. उडालेला क्लिअर मात्र रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो.

पाण्याच्या रंगावर सतत नजर हवी. गाळ दुधासारखा पांढरा असेल तर क्लिअर निघतोय, ठीक आहे. क्लिअर असलेल्या गाडीवर गाळात गाडीचा रंग दिसला, तर त्याच क्षणी हात उचला.

१५०० झाल्यावर गाडी धुवा, पाणी बदला आणि २००० चा पेपर आडव्या दिशेने फिरवा. आधीच्या उभ्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय ३००० हातात घ्यायचा नाही. इथे वाचवलेली दहा मिनिटं पुढे पॉलिशमध्ये तास खातात. ३००० नंतर पृष्ठभागाला हलकी झाक यायला लागते.

ओघळ आणि कचरा

ओघळ आला म्हणून अख्खं दार घासायचं नाही. ओघळात थर जाड असतो, म्हणून तो वाळायला बाकीच्यापेक्षा जास्त दिवस लागतात. आतून कच्चा असताना घासला तर मधोमध खड्डा पडतो. पक्का झाल्यावर दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, लहानशा कडक ठोकळ्यावर पेपर घेऊन फक्त उंचवटा उतरवायचा. तो टेपच्या पातळीला आला की टेप काढून १५०० आणि २००० ने सपाट करायचं. धुळीच्या कणासाठी खोडरबराएवढ्या ठोकळ्यावर २००० चा तुकडा पुरतो.

पॉलिश : तापू द्यायचं नाही

घासून झाल्यावर गाडी नीट धुवून पूर्ण कोरडी करा. पाणी आणि विजेचं मशीन एकत्र नको. ओल्या फरशीवर, ओल्या हाताने प्लग लावायचा नाही.

बऱ्याच घरी ग्राइंडरला लोकरी पॅड लावून काम भागवायचा विचार होतो. तो सोडून द्या. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. पॉलिशिंग मशीन साधारण ६०० ते ३००० फेऱ्यांत चालतं. ग्राइंडरखाली क्लिअर काही सेकंदांत जळतो. नवख्या हाताला गोल फिरता फिरता डगमगणारं, ड्युअल ॲक्शन म्हणून मिळणारं मशीन सुरक्षित. एकाच जागी नुसतं गरगर फिरणारं रोटरी मशीन जपून वापरावं लागतं.

पॅडवर कॉम्पाउंडचे वाटाण्याएवढे चार ठिपके घ्या. पॅड पत्र्याला टेकवून मगच मशीन सुरू करा, नाहीतर आजूबाजूला सगळा शिमगा होतो. पॅड सपाट ठेवा आणि सतत फिरवत राहा. मधूनमधून तळहात लावा : कोमट लागलं तर चालेल, चटका बसला तर थांबा. प्लास्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरू देत नाही, म्हणून तो लवकर जळतो. तिथे वेग कमी, दाब कमी.

आधी जाड कॉम्पाउंड, मग नवा मऊ पॅड घेऊन बारीक पॉलिश. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्या कापडाने पुसा. कॉम्पाउंडमधलं तेल ओरखडे तात्पुरते झाकतं. पुसल्यावर खरी स्थिती दिसते. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ आणि काठ ठळक दिसला तर काम झालं. वॅक्स मात्र लगेच नको. ताज्या क्लिअरला श्वास घेऊ द्यावा. डब्यावर वेगळं सांगितलं नसेल तर किमान महिनाभर थांबा.

रंग उघडा पडलाच तर

तिथे ब्रशने क्लिअर लावून उपयोग नाही. डाग अधिकच दिसतो. आणखी पॉलिश मारलं तर बेस कोटही जातो आणि प्रायमर दिसायला लागतो. मेटॅलिक रंगात तर घासलेली जागा वेगळ्याच छटेची दिसते. सरळ मार्ग एकच : तेवढं पॅनेल ८०० ते १००० च्या पेपरने एकसारखं मंद करायचं, उघड्या जागेवर बेस कोटचा हलका फवारा द्यायचा आणि क्लिअर पूर्ण पॅनेलभर, एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत मारायचा. दाराच्या मधोमध क्लिअर संपवला तर ती हद्द आज ना उद्या दिसतेच.

गाडीपेक्षा छाती महत्त्वाची

टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातली रसायनं असतात. फवारणीतून ती छातीत गेली तर दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्यांचं वावडं झालं की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही धाप लागते, आणि हे वावडं सहसा जात नाही. वाहनं रंगवणाऱ्या कामगारांच्या दम्याचं हे माहीत असलेलं कारण आहे. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. गॅरेजमध्ये यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात. तो घरी नसेल तर टू-केची फवारणी रंगाच्या भट्टीतच करून घ्यावी आणि घासणं-पॉलिश घरी करावं. यात पैसेही वाचतात आणि जोखीमही टळते.

घासताना थर पक्का झालेला असावा, घासणी ओलीच असावी, हातमोजे असावेत. पॉलिश करताना डोळ्यांना चष्मा आणि नाकाला धुळीचा मास्क हवा. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या बंद शेडमध्ये यातलं काहीच नको.

कागदपत्रांचं काय?

तोच रंग पुन्हा मारला तर प्रश्न नाही. पण आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते. पांढरीची काळी करायची असेल तर आधी आरटीओत विचारून नोंद बदलून घ्यावी. केए-२२ ची गाडी रोज कोल्हापूरला किंवा पणजीला जाणार असेल तर हे विशेष सांभाळावं. नाक्यावर गाडी एका रंगाची आणि कागद दुसऱ्या रंगाचा निघाला की वेळ तिथेच जातो.

थांबणं हेच कौशल्य

अख्खी गाडी एकदम घ्यायची नाही. आधी डिकीचं झाकण किंवा एखादं दार पूर्ण करून बघा. तेवढ्यात हाताला अंदाज येतो. टपावर आणि बॉनेटवर ऊन सगळ्यात जास्त पडतं, म्हणून तिथली शिल्लक सगळ्यात जपून खर्च करा, भले थोडी संत्र्याची साल राहिली तरी चालेल. कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीवरही ती थोडीफार असतेच. शंका आली की एक पेपर कमी मारा. राहिलेला खडबडीतपणा पुढच्या महिन्यातही उतरवता येतो. उतरवलेला क्लिअर परत बसवता येत नाही. अति तिथे माती, हे क्लिअर कोटइतकं क्वचितच कुठे खरं ठरत असेल.